आणखी दोन बॉक्स मागवण्याआधी

प्रति,
पिंप्राळा आणि परिसरातील सप्ताह समित्या, भजनी मंडळे, उत्सव मंडळे व त्यांच्याकडे साउंड लावणारे सर्व बंधू यांस,



आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या पिंप्राळ्यात रथाची लगबग सुरू होते. त्यामागून श्रावणातली कानबाई, मग गणपती, नवरात्र आणि गल्लोगल्लीचे हरिनाम सप्ताह. या सगळ्या दिवसांत आपलं गाणं, आपलं कीर्तन माईकवरूनच लोकांच्या कानी जातं. म्हणून वर्गणीच्या पावत्या फाडण्याआधी आणि साउंडवाल्याला इसार देण्याआधी हे पत्र लिहितो आहे.

मी आयुष्यभर रेडिओ, टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. आता हात थोडा थरथरतो, बारीक डाग देता येत नाही. पण कान शाबूत आहेत आणि भजनाला जाणं सुटलेलं नाही. माझी विनंती एकच आहे. माईक भुणभुणत असेल आणि गाणाऱ्याचा शब्द मागे पोचत नसेल, तर आणखी बॉक्स मागवू नका. आधी जोडणी तपासा. या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या असतात आणि ते दुखणं वॅट वाढवून बरं होत नाही.

हे कशावरून म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका सप्ताहाला गेलो होतो. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांच्या मनात खोट नव्हती. महिला भजनी मंडळाची पाळी होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी अभंग म्हणत होत्या. त्यांचं गाणं मी लहानपणापासून ऐकलेलं. माईक नसताना ओट्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत शब्द पोचवणारी बाई. त्या दिवशी मात्र तिसऱ्या रांगेपलीकडे फक्त 'घूंऽऽ' ऐकू येत होतं. कुणीतरी उठून मास्टर चढवला, तशी घूं चढली. मग फोन झाले आणि अर्ध्या तासात आणखी दोन बॉक्स आले. आता घूं चारही बाजूंनी येऊ लागली. आजी गळा ताणून गात राहिल्या. दुसरा अभंग संपल्यावर त्यांनी माईक शेजारणीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझा आवाजच राहिला नाही आता."

कार्यक्रम संपल्यावर मी ती माईकची वायर मागून घेतली. बॅटरीच्या उजेडात कॅनन पिन उघडली. आत तीन टोकं असतात. एकावर वायरीची जाळी, दोन नंबरवर एक तार, तीन नंबरवर दुसरी. जाळी जागेवर होती, दोन नंबरची तार जागेवर होती. तीन नंबरचा डाग सुटला होता. तार टोकाला टेकलेली दिसत होती, पण तिच्यावर हिरवट गंज चढला होता. नखाने हलवली तर बाजूला झाली. पिनच्या मागचा पट्टा कसलेला नव्हता. दर वेळी कुणी वायर ओढली की सगळा ताण त्या डागावर यायचा. आजींच्या गळ्यात काही बिघडलं नव्हतं. बिघडला होता तो मसुराच्या दाण्याएवढा कथिलाचा थेंब.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. पण त्यानंतर त्या माईकसमोर बसल्या नाहीत. म्हणून मला हे प्रकरण किरकोळ वाटत नाही.

एक तार सुटली तर भुणभुण आणि कमी आवाज दोन्ही एकदम का येतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावं. माईकमधून निघणारा आवाज म्हणजे काही मिलिव्होल्टचा, अगदी नाजूक विजेचा झोका. तीन टोकांच्या वायरीत तो दोन तारांवरून उलटसुलट जातो. एकीवर चढ असेल तेव्हा दुसरीवर उतार. वाटेत लायटिंगच्या वायरीची भुणभुण शिरली तर ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. मिक्सर या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतो. गाण्याच्या बाबतीत तो फरक पुरेपूर मिळतो, भुणभुणीच्या बाबतीत तो जवळजवळ शून्य होतो. वायर लांब असूनही आवाज स्वच्छ राहतो तो यामुळे. एक तार सुटली की हा हिशेब मोडतो. माईकच्या विजेची वाट अर्धवट राहते, म्हणून आवाज क्षीण आणि पातळ होतो, त्यातला भरदारपणा जातो. भुणभुण रद्द करायला जोडीदार तार उरत नाही, म्हणून ती मोकाट सुटते. अशा वेळी मास्टर चढवला तर गाण्यासोबत भुणभुणही तेवढीच चढते.

हाच घोटाळा चांगल्या वायरीनेही होतो. कित्येकदा माईकची वायर मिक्सरच्या बाजूला मोठ्या मोनो जॅकची असते, बाजारात त्याला पी-३८ म्हणतात. तिच्यात एक तार आणि एक जाळी एवढंच असतं. दोन-चार मीटरला ती चालून जाते, वीस-तीस मीटर ओढली की मंडपभरची भुणभुण गोळा करते. त्यातही तो जॅक माईकऐवजी लाइनच्या भोकात घातला तर आवाज दबणारच. लाइनचं भोक व्होल्टच्या हिशेबाने बनवलेलं असतं आणि माईक देतो मिलिव्होल्ट. नळाला बारीक धार असेल तर टाकी मोठी आणून उपयोग नाही.

आता त्या भुणभुणीकडे जरा कान देऊन बघा. आपली घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे भुणभुण ५० वर, १०० वर, १५० वर अशा ठरलेल्या पायऱ्यांवर वाजते. पेटीवाल्यांना सांगतो, १०० आवर्तनांचा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या थोडा वर पडतो. गाणारा काळी एकमध्ये असेल तर त्याच्या षड्जाला हा तीव्र मध्यम होतो, तोही चढलेला. म्हणजे तुमच्या अभंगाखाली तासभर कुणीतरी चुकीच्या सुरात तानपुरा धरून बसलेला असतो. गायक सुरात असूनही 'आज काही जमलं नाही' असं वाटतं, त्याचं कारण कित्येकदा हे असतं.

भुणभुणीचे प्रकार कानाने ओळखता येतात. खोल, संथ 'हूं' येत असेल तर अर्थिंग किंवा वायरीचा दोष बघावा. टोकदार 'घर्रर्र' येत असेल आणि लाइट मंद-प्रखर केले की बदलत असेल, तर लायटिंगचा डिमर किंवा एलईडी माळांचा पुरवठा तपासावा. माईकच्या धातूला हात लावल्यावर भुणभुण कमी-जास्त झाली तर जाळी कुठेतरी तुटली आहे. सतत 'सूंऽ' येत असेल तर गेनची मांडणी चुकली आहे. मध्येच 'दिर्र दिर्र' झालं तर कुणाचा तरी मोबाइल मिक्सरवर ठेवलेला आहे. लॅपटॉपवरून तानपुरा लावल्यावर भुणभुण सुरू झाली तर त्याचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबते.

जागा शोधायला पाच मिनिटं लागतात, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी मिक्सरचा मास्टर पूर्ण खाली घ्या. तरी भुणभुण राहिली तर दोष मिक्सरच्या पुढे आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बॉक्स किंवा त्यांच्यातली वायर. गेली, तर दोष मागे आहे. मग एकेक चॅनल बंद करत जा. जो बंद केल्यावर शांतता होते, तो धरा. त्याची वायर बदला. नाही गेली तर माईक बदला. तरी नाही गेली तर मिक्सरचं भोक बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार जणांनी चार ठिकाणी हात घातला की दोष लपतो आणि ऐन कीर्तनात पुन्हा डोकं वर काढतो.

आपल्या मंडपांत सगळ्यात जास्त दिसणारा दोष वेगळाच आहे. अ‍ॅम्प्लिफायर स्टेजजवळ, त्याची वीज एका घरातून. मिक्सर मागच्या बाजूला, त्याची वीज दुसऱ्या घरातून. दोन घरांचं अर्थिंग वेगळं, त्यांच्यात थोडा का होईना व्होल्टचा फरक असतो. तो फरक आपली वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे तुमच्या माईकच्या वायरीची जाळी. मग 'हूं' सुरू होतं. उपाय साधा आहे. माईक, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, पेटीचा आणि तबल्याचा पिकअप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, सगळ्यांची वीज एकाच जागेवरून घ्या. लायटिंगला वेगळा फेज द्या. विजेच्या आणि माईकच्या वायरी एकाच जुडीत बांधू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

आणि इथे मला हात जोडून एक गोष्ट सांगायची आहे. भुणभुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडायची पद्धत कुठेकुठे आहे. ती तोडली की 'हूं' जातं, हे खरं आहे. पण त्या पिनेसोबत माणसाचं संरक्षणही जातं. उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार त्याच्या धातूच्या खोक्याला चिकटली, तर तो करंट जमिनीत न जाता माईक धरलेल्या ओल्या हातातून जाईल. माईकला ओठ लागल्यावर चुणचुण झाली, असं कुणी कीर्तनकार किंवा भजनी मंडळातली कुणी बाई म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच क्षणी मेन बंद करा आणि माणूस बोलवा. मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो वीज तोडतो. पावसाळ्यातला ओला मंडप, लोखंडी खांब, जनरेटर, अनवाणी टाळकरी, हे सगळं आपल्याकडे एकत्र असतं. आषाढात तर असतंच.

आता कमी आवाजाकडे येतो. लोक म्हणतात, वॅट वाढवा. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. उलट, गाणाऱ्याने माईक तोंडापासून चार बोटांवर धरला आणि तोच आठ बोटांवर गेला, तर माईकला पोचणारा दाब निम्मा होतो. तो भरून काढायला चौपट ताकद लागेल. मग पैसे बॉक्सवर घालवायचे की गाणाऱ्याला माईक जवळ घ्यायला प्रेमाने सांगायचं? आपल्या मंडळांतल्या बायका संकोचाने माईक लांब धरतात. त्यांच्याजवळ जाऊन, हात धरून दाखवणारी एक मुलगी मंडळात हवी. माईकची जाळीची गोल टोपी मुठीत धरू नये, हेही तिने सांगावं. टोपी झाकली की माईक सगळीकडून आवाज ओढू लागतो आणि 'कूंई' होते.

गेनचा क्रमही तसाच. गाणाऱ्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात दोन ओळी म्हणायला लावा, तेव्हा मिक्सरचा गेन असा लावा की लाल दिवा लागणार नाही. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणा आणि मागचं अ‍ॅम्प्लिफायर गरजेपुरतं उघडा. आपल्याकडे हे उलटं होतं. गेन खाली, अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण. मग 'सूं' आणि 'हूं' मोठे होतात आणि शब्द लहान राहतो.

वायरीत किती आवाज जिरतो तेही बघा. बॉक्सला अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर लावून ५० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटर तांबं झालं. त्याचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास येतो. बॉक्स ४ ओहमचा असेल तर जवळजवळ निम्मी ताकद वायर गरम करण्यात जाते. जाड वायर लावणं हे नवा बॉक्स भाड्याने आणण्यापेक्षा स्वस्त आहे. भोंगे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट अशी वेगवेगळी टोकं असतात. भोंगा कुठल्या टोकाला लावला आहे हे वाचून बघा. चुकीच्या टोकाला लावलेला भोंगा कुजबुजतो किंवा मशीन जाळतो.

उघडे माईक कमी ठेवा. एकाच्या जागी दोन माईक उघडले की 'कूंई' होण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो, चार उघडले की आणखी ३ ने. बारा टाळकऱ्यांना बारा माईक दिले, तर मुख्य गाणाऱ्याचा आवाज चढवायला जागाच उरत नाही. टाळांना माईक लागत नाही. इको तर भजनात जवळजवळ नकोच. अभंगाचा प्राण शब्दात आहे आणि इको एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर टाकतो.

शब्दाचं मोल आपल्या मातीला कुणी शिकवायची गरज नाही. इथून जवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या घरोट्यावर, शेतात गात गेल्या. कुणीतरी नीट ऐकलं आणि लिहून घेतलं, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ऐकणाऱ्याच्या कानात तेव्हा नुसती भुणभुण असती, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? तुमच्या मंडळातही ओव्या, कानबाईची गाणी, वही गायन तोंडपाठ असलेल्या बाया आणि म्हातारी माणसं आहेत. त्यांचा शब्द मागच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचला, तरच तो पुढे जाईल.

कायद्याचाही यात भाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, तेवढीच. आवाज स्वच्छ असला की तो मोठा करावा लागत नाही. शेजारच्या घरात तापाने पडलेलं लेकरू असतं, दहावीचा अभ्यास असतो. शब्द मंडपात पोचावा आणि त्यांची झोप मोडू नये, हे दोन्ही साधता येतं.

म्हणून या वर्षासाठी माझं मागणं पुढीलप्रमाणे आहे.

१. साउंडवाल्याशी बोलणी करताना 'किती बॉक्स' याआधी 'माईकच्या वायरी तीन टोकांच्या आहेत का, तपासल्या आहेत का' हे विचारा. चांगल्या वायरीचे दोन पैसे जास्त मागितले तर द्या.

२. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास चाचणीला राखून ठेवा. पत्रिकेत तसं छापा. पाहुण्यांचे सत्कार दहा मिनिटांनी कमी झाले तरी चालतील.

३. मंडळाने स्वतःच्या चार चांगल्या माईकच्या वायरी, एक साधा मीटर आणि एक कथिलाची कांडी विकत घ्यावी. सप्ताह संपल्यावर वायरी कोपर-हात गुंडाळून पीळ घालू नका. मोठ्या सैल वेटोळ्यात, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा आणि काळ्या मातीची धूळ पिना खाऊन टाकतात.

४. मिक्सरवर एकच माणूस बसवा आणि त्याच्या कामात कुणी हात घालू नका, अध्यक्षांनीसुद्धा.

५. वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच घ्या. अर्थिंगची पिन कुणालाही तोडू देऊ नका.

आपल्याकडे रथ ओढणारे शेकडो हात सगळ्यांना दिसतात. चाकाखाली मोगरी लावणारा मात्र वाकलेला असतो, त्याचं तोंडही कुणाला दिसत नाही. रथ वळतो आणि थांबतो तो त्याच्या नजरेवर. मिक्सरवरचा पोरगा तुमचा मोगरीवाला आहे. त्याला शिकवा, त्याला जेवायला बसवा, त्याच्यावर ओरडू नका. दर मंडळातून एक मुलगा किंवा मुलगी माझ्याकडे पाठवलीत, तर पिन उघडून डाग कसा द्यायचा हे मी शिकवीन. हात थरथरतो, पण दाखवता अजून येतं.

आणि पुढच्या सप्ताहात एखाद्या आजींचा आवाज मागे पोचला नाही, तर त्यांना 'मोठ्याने म्हणा' सांगण्याआधी कुणीतरी उठून त्यांच्या माईकची वायर बदला.

आपला,
पिंप्राळ्यातला एक जुना रेडिओ-दुरुस्तीवाला